पास्कल्स, अटलांटा: चिकन खाच, आणि जामीन कोणी भरला तेही विचारा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो सवयीने, मी पाच कुणालाच देत नाही, त्यात हॉटेलचा काही दोष नाही.

अटलांटाच्या डाउनटाउनला लागून कॅसलबेरी हिल म्हणून भाग आहे, तिथे नॉर्थसाइड ड्राइव्हवर हे पास्कल्स आहे. सोल फूड म्हणजे दक्षिणेतल्या ब्लॅक घरांमधलं जेवण, फ्राइड चिकन, कॅटफिश, मॅक अँड चीज, पालेभाजी, रताळी, कॉर्नब्रेड, असं सगळं. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की अ‍ॅक्वेरियम झालं, कोकाकोलाचं म्युझियम झालं, मग जेवायला कुठे हा प्रश्न येतो आणि मी इथे आणतो. यावेळी मामा आले होते, ते रिटायर्ड बँकवाले, पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारे आणि प्रत्येक गोष्टीत ‘पैसे कोणी दिले’ हे विचारणारे, त्यामुळे हा रिव्ह्यू जेवणावरून जरा भरकटणारे, आधीच सांगून ठेवतो.

आधी जेवण. फ्राइड चिकन मागवा, दुसरं काही बघूच नका पहिल्यांदा. इथलं कोटिंग जाड नाहीये, त्या चेनवाल्या दुकानांत कसं पीठच पीठ लागतं आणि आत कुठेतरी चिकन सापडतं तसं अजिबात नाही, पातळ कुरकुरीत साल, दाताने तोडली की आतून वाफ येते आणि हाडापर्यंत मीठ गेलेलं कळतं. थाय पीस ब्रेस्टपेक्षा जास्त रसाळ असतो, चॉइस असेल तर तोच घ्या. तिखट खाणाऱ्याला पहिला घास सपक वाटेल, टेबलावर हॉट सॉस मागून घ्या, पण एक पीस तरी तसाच खाऊन बघा, कारण मसाल्याने झाकलेलं नसताना चिकन नीट तळलंय की नाही ते लगेच कळतं, आणि इथे नीट तळलेलं असतं.

साइड्समध्ये मॅक अँड चीज वरून खरपूस, कँडीड याम्स म्हणजे पाकातली रताळी (उपवासाची आठवण येईल, पण दालचिनी आणि बटर बघून उपवास मोडेल), आणि कॉलर्ड ग्रीन्स. हे ग्रीन्स म्हणजे जाड पानांची भाजी, तासन्‌तास शिजवलेली, किंचित आंबट, खाली तिचं पाणी उरतं त्यात कॉर्नब्रेड बुडवून खायचं. व्हेज लोकांनो, ऐका, दक्षिणेत ही भाजी बहुतेक ठिकाणी मांस घालूनच शिजवतात, स्मोक्ड टर्की किंवा पोर्क, भाजी म्हणजे व्हेज असं धरून चालू नका, वेट्रेसला सरळ विचारा, त्यांना हा प्रश्न नवीन नाही. गोड म्हणून पीच कॉबलर, जॉर्जियात येऊन पीच नाही खाल्लं तर काय केलं, एक घेतलं तर दोघांना पुरतं. आणि स्वीट टी म्हणजे थंड गोड चहा, तो इतका गोड असतो की अर्धा अनस्वीट मिसळून मागा, स्थानिक लोकही तसा मागतात.

आता भिंती. आत शिरलं की जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो दिसतात, सिव्हिल राइट्सच्या, म्हणजे काळ्या लोकांच्या समान हक्कांच्या लढ्याच्या काळातले. मामा ऑर्डर यायच्या आधीच उठून फिरायला लागले, परत येऊन म्हणाले, “अरे, हे हॉटेल आहे का पक्ष कार्यालय?” मी म्हणलं, मामा, तुम्ही बरोबर ओळखलंत, इथले लोक त्याला अटलांटाचं ‘ब्लॅक सिटी हॉल’ म्हणायचे.

गोष्ट अशी की जेम्स आणि रॉबर्ट पास्कल हे दोघे भाऊ जॉर्जियातल्याच थॉमसन गावचे. १९४७ मध्ये त्यांनी हंटर स्ट्रीटवर तीस खुर्च्यांचं छोटं खाण्याचं दुकान काढलं. दुकानात गरम स्वयंपाकाची सोय नव्हती, रॉबर्टच्या घरी शिजवायचे, आणि दोघांकडेही गाडी नव्हती म्हणून ते जेवण टॅक्सीत घालून दुकानात आणायचे. फ्राइड चिकनचं सँडविच ५२ सेंटला. रॉबर्टची रेसिपी गुप्त, धंदा बघायला जेम्स. १९५९ मध्ये रस्त्याच्या पलीकडे मोठी जागा घेतली, मग ला कॅरूसेल नावाचा जॅझ क्लब, १९६७ ला १२० खोल्यांचं मोटेल. जॉर्जियात काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवायचं नाही हा नियम असतानाच्या काळातही यांच्याकडे दोन्ही लोक यायचे आणि शेजारी बसायचे.

मार्टिन ल्युथर किंग त्यांच्या साथीदारांबरोबर इथे बैठका घ्यायचे, अँड्र्यू यंग, जॉन लुईस, ज्युलियन बाँड हे त्या लढ्यातले तरुण नेते, सगळे इथे यायचे. पुअर पीपल्स कॅम्पेन या गरिबांच्या हक्काच्या मोहिमेच्या चर्चा इथे झाल्या. पण मला यातला सगळ्यात भारी भाग तो वाटत नाही, मोठी माणसं कुठे ना कुठे जेवणारच. १९६० च्या मार्चमध्ये अटलांटाच्या ब्लॅक कॉलेजांतल्या पोरापोरींनी सिट-इन सुरू केले, म्हणजे गोऱ्यांसाठी राखीव लंच काउंटरवर जाऊन बसायचं आणि उठायचं नाही. ऑक्टोबरमध्ये रिचेस या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये त्यांच्याबरोबर किंगसुद्धा अटक झाले. पोरं एकोणीस-वीस वर्षांची, जेलमधून सुटणार कधी, किती वाजता, घरच्यांना काही पत्ता नाही. तेव्हा हे दोघे भाऊ अटक झालेल्यांसाठी जामीन भरायचे, सुटून आलेल्यांना फुकट जेवायला घालायचे, आणि हॉटेल उशिरापर्यंत उघडं ठेवायचे, का तर आईवडलांना आपल्या पोरांना भेटायला एक जागा पाहिजे म्हणून.

हे ऐकल्यावर मामांनी चमचा खाली ठेवला आणि अपेक्षित प्रश्न आला, “जामिनाचे पैसे कुठून?” कुठून म्हणजे, गल्ल्यातून. चिकनच्या गल्ल्यातून. बँकवाल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही, की ज्याचं लायसन गावाच्या हातात, ज्याला कर्ज गोऱ्यांच्या बँकेकडून मिळायची मारामार, त्या दुकानदाराने उघडपणे आंदोलकांच्या मागे उभं राहायचं म्हणजे आख्खं दुकान पणाला लावणं आहे. मामा म्हणाले, “असा कस्टमर आला असता तर आमच्या मॅनेजरने फाइल बाजूला ठेवली असती.”

आणि याच शहराचे बाकीचे मोठे लोक तेव्हा काय करत होते ते पण बघा. किंगना १९६४ चं नोबेल मिळालं. अटलांटाचा माणूस, पस्तीस वर्षांचा, आख्खं जग कौतुक करतंय, आणि इथे गावात सत्काराचं जेवण ठेवायचं तर गोरे व्यापारी तिकीटच घेईनात. मेयर आयव्हन अ‍ॅलन चांगला माणूस, त्याने धडपड केली, पण खरी चक्रं फिरली ती कोकाकोलाच्या साहेबांनी दम भरल्यावर. कंपनीला अटलांटाची गरज नाही, अटलांटाला कंपनीची गरज आहे की नाही ते तुम्ही ठरवा, अशा अर्थाचं ते बोलले असं अँड्र्यू यंग यांनी नंतर सांगितलंय. लगेच तिकिटं संपली. २७ जानेवारी १९६५ ला डिंकलर प्लाझा हॉटेलात साधारण दीड हजार लोक जेवले. म्हणजे त्या सत्कारामागे आदर किती आणि कोकाकोला गाव सोडून जाईल ही भीती किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला हा किस्सा फार आवडतो कारण त्यात पुढच्या साठ वर्षांच्या सगळ्या सत्कारांचा नमुना आहे.

कारण आता काय आहे, जानेवारीचा तिसरा सोमवार, म्हणजे किंगच्या नावाची सुट्टी आली की अमेरिकेतला प्रत्येक पुढारी किंगभक्त होतो. दोन्ही पक्षांचे. सकाळी किंगच्या एबेनेझर चर्चमध्ये किंवा टीव्हीवर भाषण, दुपारी त्यांच्या ‘माझं एक स्वप्न आहे’ भाषणातलं एक वाक्य पोस्ट, फोटो. हे सगळे विसरतात, किंवा सोयीस्कर विसरतात, की १९६६ मध्ये गॅलप या सर्व्हेवाल्यांनी विचारलं तेव्हा ६३ टक्के अमेरिकन लोकांचं किंगबद्दल मत वाईट होतं. सुट्टीचं बिल खासदार जॉन कॉनियर्स यांनी किंगच्या १९६८ मधल्या हत्येनंतर चारच दिवसांनी मांडलं होतं, ते पास व्हायला १९८३ उजाडलं, आणि तेव्हासुद्धा संसदेच्या दोन सभागृहांपैकी हाउसमध्ये ९० आणि सिनेटमध्ये २२ जणांनी विरोधात मत दिलं. रेगनने सही केली, पहिली सुट्टी १९८६ ला. विरोधात मत देणाऱ्यांत पुढे प्रेसिडेंटपदाला उभे राहिलेले जॉन मकेन होते, त्यांचं एक बरं, २००८ मध्ये ४ एप्रिलला मेम्फिसला, जिथे किंगना गोळी लागली त्या लोरेन मोटेलपाशी पावसात उभं राहून ते म्हणाले की माझं चुकलं, लोकांनी हुर्यो केली तरी पूर्ण बोलले. बाकीच्यांचं काय, ते तर पहिल्यापासून प्रेमातच होते म्हणे.

आणि हारतुऱ्यांच्या मागोमाग येतं लेक्चर. जबाबदारीचं लेक्चर. ब्लॅक कम्युनिटीने आता स्वतःकडे बघावं, बापांनी पोरांकडे बघावं, टीव्ही बंद करावा, बंदुका टाकाव्यात, वगैरे. १३ नोव्हेंबर १९९३ ला बिल क्लिंटन मेम्फिसच्या मेसन टेंपलमध्ये बोलले, किंगनी आयुष्यातलं शेवटचं भाषण जिथे दिलं तेच चर्च, आणि तिथे उभं राहून त्यांनी चक्क कल्पना केली की किंग आज आले तर काय म्हणतील: मी यासाठी नाही मेलो की कोवळ्या पोरांनी मशीनगन घेऊन एकमेकांना मारावं, अशा धर्तीवर. भाषण जबरदस्त होतं, आजही लोक नाव काढतात. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये मोठं क्राइम बिल सही झालं, जेलसाठी पैसा आणि कडक शिक्षा, आणि त्याचा मार कोणत्या वस्त्यांवर बसला यावर अजून भांडणं चालू आहेत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, त्या बिलाला अनेक ब्लॅक मेयर आणि पाद्रींचाही पाठिंबा होता, अमेरिकन संसदेतल्या बऱ्याच ब्लॅक सदस्यांनी बाजूने मत दिलं, कारण गोळीबारात मरत होती ती त्यांच्या गल्लीतली पोरं. म्हणजे जबाबदारीची भाषा बाहेरून लादलीय असं अजिबात नाही, ती कम्युनिटीच्या आतली जुनी भाषा आहे, चर्चमध्ये दर रविवारी ऐकू येते. ओबामांनी २००८ च्या फादर्स डेला शिकागोच्या एका ब्लॅक चर्चमध्ये गैरहजर बापांना झापलं, आणि पुढच्या महिन्यात किंगचे जुने साथीदार जेसी जॅक्सन टीव्ही स्टुडिओत माइक चालू आहे हे न कळून पुटपुटले की हा आपल्या लोकांना तुच्छतेने बोलतोय, वर एक शिवीही घातली, ती सगळ्या देशाने ऐकली, नंतर माफी मागावी लागली. २०१३ ला मोअरहाउस कॉलेजच्या पदवीदानात ओबामा पुन्हा तेच, सबबी चालणार नाहीत. मोअरहाउस म्हणजे किंगचं कॉलेज. माझ्या ऑफिसातली एक सहकारी तिथल्याच वेस्ट एंड भागात वाढलेली, तिला दोन्ही बाजू पटतात. तिचं म्हणणं, हेच बोलणं आमच्या आजीने केलं तर आम्ही खाली मान घालून ऐकतो, कारण ती बोलून झाल्यावर जेवायला वाढते, पुढारी बोलून झाल्यावर विमानात बसतो. आणि बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या पदवीदानाला जाऊन हा माणूस तुमची जबाबदारी काय असं विचारतो का, हा तिचा दुसरा प्रश्न, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढाऱ्यांना किंगचं एक आवडतं उदाहरण आहे, झाडूवाल्याचं. रस्ता झाडायची वेळ आली तर असा झाड की मायकेलअँजेलो चित्र काढतोय, असं ते खरंच म्हणायचे, शाळकरी पोरांना सांगायचे. लेक्चर द्यायला एकदम सोयीचं वाक्य आहे, काम करा, तक्रार करू नका. पण ते म्हणणारा माणूस मेला कुठे? मेम्फिसला. कशासाठी गेला होता? सफाई कामगारांच्या संपासाठी. १ फेब्रुवारी १९६८ ला पावसात आडोसा शोधणारे दोन कामगार, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, कचऱ्याच्या ट्रकच्या प्रेसमध्ये चिरडून मेले, मग तेराशे कामगार संपावर गेले, छातीवर ‘मी माणूस आहे’ अशी पाटी लावून. झाडू उत्तम मारणारे लोक होते ते, त्यांना पगार आणि युनियन पाहिजे होती. किंगच्या हत्येनंतर बारा दिवसांनी, १६ एप्रिलला, शहराने तडजोड केली. झाडूचं वाक्य सांगणाऱ्याने त्यापुढे हा संपही सांगावा, एवढंच, मग खुशाल जबाबदारीवर बोलावं.

परत पास्कल्सकडे येतो, चिकन थंड होतंय.

ते जुनं हंटर स्ट्रीट आता नकाशावर सापडणार नाही. त्याचं नाव मार्टिन ल्युथर किंग ज्युनिअर ड्राइव्ह झालं. रस्त्याला नाव द्यायला खर्च किती, पाट्यांचा. आणि त्याच रस्त्यावरची पास्कल्सची जुनी बिल्डिंग १९९६ मध्ये क्लार्क अटलांटा युनिव्हर्सिटीने घेतली, काही वर्षं चालवली, मग ती बरीच वर्षं बंद पडून राहिली, खिडक्यांना फळ्या. नावाच्या पाटीखाली कुलूप. रॉबर्ट १९९७ ला गेले. आत्ताची ही कॅसलबेरी हिलची जागा २००२ मध्ये जेम्स पास्कल आणि बिल्डर हर्मन रसेल यांनी मिळून उभी केली, रसेल पण अटलांटाचे मोठे ब्लॅक उद्योजक. जेम्स २००८ मध्ये गेले. म्हणजे वारसा टिकवायचं कामही सरकारने नाही, दोन धंदेवाल्यांनीच केलं, स्वतःच्या पैशाने.

यावरून अजून एक. जॉन लुईस गेले तेव्हा, ३० जुलै २०२० ला, एबेनेझरमध्ये तीन माजी प्रेसिडेंट बोलले, क्लिंटन, बुश, ओबामा. श्रद्धांजलीच्या पोस्ट तर मोजायला नकोत. त्यांच्या नावाचं मतदान हक्काचं बिल २०२१ मध्ये हाउसमध्ये पास झालं आणि सिनेटमध्ये अडकलं ते अडकलंच. आणि त्याच २०२१ च्या मार्चमध्ये जॉर्जियाने कायदा केला की मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदारांना कार्यकर्त्यांनी खायला-प्यायला द्यायचं नाही. समर्थक म्हणतात मतांसाठी लालूच नको, ठीक आहे, मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, केंद्रावर पाण्याची सोय ठेवायला परवानगी आहे. पण ज्या वस्त्यांत तासन्‌तास रांगा लागतात त्या बहुतेक ब्लॅक वस्त्या आहेत, आणि ज्या गावात रात्री जेलमधून सुटलेल्या पोरांना फुकट चिकन घालणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावतात त्या गावात हा कायदा वाचताना घास अडकतो. मामा म्हणाले, “रांगेतल्याला पाणी दिलं तर गुन्हा?” म्हणलं, हो, आणि रांग मोठी ठेवली तर नाही.

जाता जाता टूरबद्दल, कारण बरेच जण विचारतात. आम्ही सकाळी एका टूरवाल्याची व्हॅन घेतली होती, नाव लिहित नाही, त्यांचा धंदा आहे. किंग जिथे जन्मले ती ऑबर्न अव्हेन्यू, एबेनेझर, किंगची समाधी, सगळं दाखवलं, पण गाइडची टेप एकच: इथे अमुक प्रेसिडेंट उभे राहिले, इथे तमुक सिनेटरने फूल वाहिलं, इथे बायडन २०२३ मध्ये बोलले. सिट-इन, जामीन, रिचेस, एक शब्द नाही. मी विचारलं की तेव्हा पोरांना कोणी सोडवलं, तर म्हणाला वेळ कमी आहे आणि गिफ्ट शॉपला नेऊन सोडलं. पैसे वाया. तुम्ही टूर घेऊ नका, तो सगळा परिसर नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे, फुकट आहे, तिथले रेंजर चांगलं सांगतात. किंगचं जन्मघर २०२३ च्या शेवटापासून दुरुस्तीला बंद होतं, निघायच्या आधी वेबसाइट बघा. तिथून पास्कल्स गाडीने फार लांब नाही, सकाळी ते आणि दुपारी हे, असा दिवस लावा.

सर्व्हिसबद्दल: आमची वेट्रेस वयाने मोठी, सगळ्यांना ‘बेबी’ म्हणणारी, मामांना पण, मामा लाजले आणि टिप स्वतः द्यायचा हट्ट केला. फोटो बघायला उठलात तर कोणी हटकत नाही, फक्त लोक जेवत असतात त्यांच्या डोक्यावर वाकून वाचू नका. चिकन ताजं तळतात, तेवढा वेळ हातात ठेवा. माणशी तीसेक डॉलर धरा, टिप वेगळी, चौघांत साइड्स वाटून घेतल्या तर कमीत होतं. रविवारी चर्च सुटल्यावर गर्दी असते, टेबल आधी बुक करा. मर्सिडीज-बेंझ स्टेडियम जवळ आहे, मॅच किंवा कॉन्सर्ट असेल त्या दिवशी पार्किंगचे भाव बघून गाडीतून उतरावंसं वाटणार नाही, तो दिवस टाळाच. एअरपोर्टवर पण पास्कल्स आहे, फ्लाइटच्या आधी चिकनची भूक लागली तर चालेल, पण पहिल्यांदा खाणार असाल तर इथे या, आणि कॉबलर पार्सल घेतलं तर वरचं आइस्क्रीम नको म्हणून सांगा, गाडीत सगळी वाट लागते.